मुकादमाच्या सह्या

बोक्याचं नाव मुकादम. स्वतः काडीचं काम करायचं नाही, पण कुणाचं काम चाललं असेल तिथे जाऊन बसायचं आणि डोळे बारीक करून बघत राहायचं, ही त्याची सवय. त्यावरून आजोबांनीच ते नाव ठेवलं होतं.

घरात बघण्यासारखं काम भरपूर होतं. आजोबा वेताच्या खुर्च्या विणत. पुढच्या खोलीत लोकांच्या फाटक्या, खचलेल्या खुर्च्या येऊन पडत. आजोबा वेत पाण्यात भिजत टाकत, जुनी वीण कापून काढत आणि भोकाभोकांतून नवी ओवत. मुकादम खिडकीतून देखरेख करी. नऊ वर्षांची नात शाळेतून आली की तीही तिथेच बसे. एका जागी ती फार वेळ टिकत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आई औषधांच्या दुकानात कामाला होती. ती संध्याकाळी येई, आणि आल्या आल्या आधी नाक वर करून हवा हुंगे.

त्याला कारण होतं. मुकादम घरात पिचकाऱ्या मारत होता.

वयात आल्यावर त्याने हे पहिल्यांदा सुरू केलं, तेव्हा त्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊन त्याची नसबंदी करून आणली होती. बाई म्हणाल्या होत्या, लगेच फरक पडणार नाही, अंगातलं सगळं निवायला काही आठवडे जातात. तसंच झालं. तिसऱ्या आठवड्यात पिचकाऱ्या थांबल्या. पुढे महिनाभर घर कसं स्वच्छ होतं. आई म्हणाली, सुटलो एकदाचे. आणि ती तसं म्हणाल्यावर आठच दिवसांत दाराच्या चौकटीवर ओला ओघळ दिसला. मग पुस्तकांच्या फळीवर. मग आईच्या कपाटावर.

कपाटाचं दार नीट लागत नसे. फटीतून ओघळ आत गेला आणि दुकानात घालायच्या पांढऱ्या कोटाला लागला. आईला घरात कळलं नाही. दुकानात कळलं, तेही एका गिऱ्हाईकाने नाकाला रुमाल लावून, काही सांडलंय का हो इथे, असं विचारलं तेव्हा. त्या दिवशी घरी आल्यावर आई ओरडली नाही. कोट बादलीत टाकला आणि शांतपणे सांगितलं की येत्या रविवारी मुकादम मामाच्या गोदामात जाईल. तिथे उंदीर आहेत, त्याला पोटापुरतं काम मिळेल आणि आपल्याला श्वास घेता येईल.

भिंगरीने आजोबांकडे पाहिलं. पण आजोबांनीही मान डोलावली. ते म्हणाले, ऑपरेशन करून बघितलं, आता आणखी काय करायचं? मुकादमांना निवृत्त करू या.

रविवारला पाच दिवस होते.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने आईकडे एकच गोष्ट मागितली. जायच्या आधी मुकादमाला एकदा डॉक्टरीणबाईंना दाखवायचं. आईला ते नाकारता आलं नाही, कारण आजारी बोका भावाच्या गळ्यात मारणं तिलाही पटणारं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मुकादमाचं पोट चाचपलं, लघवी तपासली. काही दुखणं नव्हतं. मग त्यांनी विचारलं की हा लघवी कुठे करतो. आई म्हणाली, कपाटावर, दारावर, जिथे मिळेल तिथे. भिंगरी म्हणाली, नाही, शू तो मातीच्या ट्रेमध्येच करतो, खड्डा करून, बसून. कपाटावर करतो ती शू नाही, ती सही आहे.

आई हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला सही म्हणजे काय ते नीट सांगायला लावलं. भिंगरीने उठून करूनच दाखवलं. पाठ वस्तूकडे करायची, उभं राहायचं, शेपटी सरळ वर, शेपटीचं टोक थरथरतं, आणि थोडीशीच पिचकारी. मग मागे वळूनही न बघता निघून जायचं.

"बरोबर पाहिलंस," बाई म्हणाल्या. "ही सहीच आहे. ही जागा माझी, असं लिहून ठेवतो तो. आता मला सांग, माणूस एवढ्या घाईघाईने सगळीकडे सह्या कधी करत सुटेल?"

भिंगरीने विचार केला. "दुसऱ्या कुणी आधी केली असेल तर."

"मग ती कुणाची आहे ते शोध. तुला दिसणार नाही. त्याला ती वासाने कळते."

नसबंदी झाल्यावरही दहांतला एखादा बोका हे करतो, असं त्यांनी आईला समजावून सांगितलं. बहुतेक वेळा मागे काहीतरी कारण असतं. खिडकीत परका बोका येतो, घरात नवं माणूस येतं. फिनेलने पुसता का, असंही त्यांनी विचारलं. आई म्हणाली, रोज. त्यांनी ते ताबडतोब बंद करायला सांगितलं. फिनेल मांजरांना विषासारखं असतं. त्याने सहीचा वास जात नाही तो नाहीच, वर त्याला वाटतं आपली सही कुणीतरी खोडली, म्हणून तो पुन्हा करतो. वास मुळापासून मोडणारं एक द्रावण त्यांनी दिलं. आईने बाटली घेतली, पण रस्त्यात भिंगरीला सांगितलं की रविवारचं ठरलंय ते ठरलंय. आशा लावून बसू नकोस.

आजोबांनी भिंगरीला एक गोष्ट शिकवली होती. खुर्ची मोडून आली की कशाने मोडली याचा अंदाज लगेच बांधायचा नाही. आधी नुसतं बघायचं, कुठे कुठे मोडली आहे. म्हणून भिंगरीने वहीच्या पानावर घराचा नकाशा काढला आणि जिथे सही झाली तिथे लाल ठिपका दिला. दाराची चौकट, पुस्तकांची फळी, कपाट, जेवणाच्या टेबलाचा पाय, दुसऱ्या खोलीची चौकट. शेजारणीला विचारलं, आवारात नवा बोका दिसतो का? शेजारीण म्हणाली, नवा नाही, जुना नाही, बोका म्हणून तुमचाच एक, तोही आता नावापुरता. खिडकीखाली तर एकही ठिपका नव्हता. बाहेरचा बोका असता तर खिडकीपाशी काहीतरी दिसलं असतं.

शुक्रवारी तिच्या लक्षात आलं की ठिपके फक्त लाकडावर आहेत. लोखंडी पलंग कोरडा. प्लॅस्टिकची खुर्ची कोरडी. भिंती कोरड्या. मुकादमाला लाकूडच का लागावं, हे काही तिला कळेना. लाकूड तर घरात पहिल्यापासून होतं.

शनिवार हा आजोबांचा पुसण्याचा दिवस. त्यांच्याकडे एक फडकं होतं. तेवीस वर्षं ते धुतलेलं नव्हतं, आणि याचा त्यांना अभिमान होता. जवसाचं तेल पिऊन पिऊन ते चामड्यासारखं मऊ झालं होतं. झाकणाच्या डब्यात ठेवायचं, वर थेंबभर तेल सोडायचं, बस्स. खुर्ची दुरुस्तीला आली की आधी त्या फडक्याने तिचा सगळा सांगाडा पुसायचा, म्हणजे धूळ निघते आणि लाकडातली बारीक चीर दिसते. विणून झाली की पुन्हा पुसायची, म्हणजे चकाकी येते. आणि शनिवारी त्याच फडक्याने घरातलं सगळं लाकूड. नवं फडकं लाकडाला ओरबाडतं, मुरलेलं फडकं कुरवाळतं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

भिंगरी नकाशा मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती. आजोबांनी दाराची चौकट वरून खाली पुसली आणि ते फळीकडे गेले. मुकादम खिडकीतून उतरला. चौकटीपाशी आला, नाक लावलं, तोंड जरासं उघडं टाकून काहीतरी आंबट चाखल्यासारखा चेहरा केला. मग पाठ वळवली. शेपटी वर. टोक थरथरलं.

आजोबा फळी पुसत होते. त्यांनी फळी संपवली आणि ते टेबलाकडे वळले. मुकादम फळीपाशी आला.

भिंगरीने नकाशावरचे ठिपके बोटाने एकेक करून पाहिले. चौकट, फळी, टेबल, कपाट, दुसरी चौकट. आजोबांचा शनिवारचा रस्ता तोच होता. तिला हाक मारायची होती, पण ती थबकली. त्या फडक्याबद्दल आजोबांना आजवर कुणी काही बोललेलं तिने ऐकलं नव्हतं. ते आईलासुद्धा त्याला हात लावू देत नसत. आणि उद्या रविवार होता.

"आजोबा," ती म्हणाली, "जरा थांबा. मागे बघा."

आजोबांनी मागे पाहिलं. मुकादम फळीकडे पाठ करून उभा होता.

आजोबांनी आधी मुकादमाकडे पाहिलं, मग हातातल्या फडक्याकडे, मग भिंगरीच्या नकाशाकडे. फडकं नाकाशी नेलं. तेलाचा वास. बाकी काही नाही. ते म्हणाले, हे फडकं काय आजचं आहे? मुकादम जन्माला आला नव्हता तेव्हापासून आहे.

भिंगरी म्हणाली, फडकं जुनं आहे, पण त्यात नवं काही गेलं असेल का? तीन-चार आठवड्यांपूर्वी?

आजोबा स्टुलावर बसले. बराच वेळ ते त्या फडक्याची घडी घालत आणि मोडत राहिले. मग त्यांना दातांच्या डॉक्टरांची आरामखुर्ची आठवली. हातांवरची वीण नखांनी ओरबाडून आलेली. डॉक्टर हसत म्हणाले होते, माझ्याकडे दोन बोके आहेत, दोघांनाही हीच खुर्ची हवी असते. खुर्ची आठवड्याने परत गेली. तो आठवडाभर मुकादम तिच्यासमोर शेपटीचा झाडू करून बसला होता, आणि आजोबांना त्याची गंमत वाटली होती. खुर्ची गेली, म्हणून कुणाला तिची आठवण राहिली नाही. पण तिचा सांगाडा दोनदा पुसला गेला होता. त्या दोन बोक्यांच्या सह्या आजोबांनीच उचलून आणल्या होत्या आणि दर शनिवारी घरभर, आईच्या कपाटापर्यंत, आपल्या हाताने उमटवल्या होत्या.

"तू नसतं बघितलंस," आजोबा हळूच म्हणाले, "तर मी त्याला घालवला असता."

आईला आपण सांगायचं की आजोबा सांगतील, हे भिंगरीला ठाऊक नव्हतं. ते गप्प राहिले असते तर ती काय करणार होती, हेही तिने ठरवलं नव्हतं.

आई आली. नाक वर केलं, आणि खांदे खाली पडले. आजोबा उठून उभे राहिले. त्यांनी तिला पिशवी खाली ठेवू दिली, पाणी पिऊ दिलं.

"पोरी," ते म्हणाले, "तुझ्या कोटावरचा वास माझ्या हातचा आहे. बोक्याचा दोष नाही." आणि सगळं क्रमाने सांगितलं. काही वगळलं नाही.

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी गुडघ्यावर रांगत फिनेलने पुसतेय, आणि तुम्ही माझ्या मागून परत लावत येताय?"

"होय."

"आणि वर त्याला निवृत्त करू म्हणत होतात."

"होय. तेही मीच."

आईला हसायचं नव्हतं, पण ओठ तिचं ऐकेनात. तरी ती लगेच विरघळली नाही. ती म्हणाली, हे सगळं खरं असेलही, पण मला रोज दुकानात उभं राहायचं असतं. एक महिना. महिनाभरात पुन्हा तेच झालं, तर मग कुणी माझ्याकडे तोंड पाडून बघायचं नाही.

रविवारी मामा जाळीचा खोका घेऊन आला. आल्या आल्या विचारलं, कुठे आहेत साहेब, नेमणूकपत्र तयार आहे. आजोबांनी खोका त्याच्या हातातून काढून घेऊन दाराबाहेर ठेवला आणि त्याच्या हातात बादली दिली. म्हणाले, आलाच आहेस तर वरच्या चौकटी तू घे, माझा हात पोचत नाही. मामाने बहिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, माझ्याकडे बघू नकोस, मीही राबतेच आहे.

दुपारपर्यंत घरातलं सगळं लाकूड डॉक्टरीणबाईंच्या द्रावणाने पुसून झालं. मुरलेलं फडकं आजोबांनी, तेल पेट घेऊ नये म्हणून, पाण्यात बुडवून, गुंडाळून, स्वतः कचऱ्यात नेऊन टाकलं. ते परत आले. आईने जुन्या चादरीचे दोन तुकडे फाडून त्यांना दिले, एकाला निळा दोरा घातला. निळा लोकांच्या खुर्च्यांसाठी, दुसरा घरासाठी.

भिंगरीने फोनवर डॉक्टरीणबाईंना सगळं कळवलं होतं. त्यांनी तिला आणखी एक काम दिलं होतं. मांजर ज्या वस्तूला गाल घासतं, तिच्यावर सहसा पिचकारी मारत नाही. ती त्याची नेहमीची, शांतपणाची खूण. म्हणून मऊ सुती कापड मुकादमाच्या गालांवर हळूच फिरवायचं आणि ते चौकटींच्या कोपऱ्यांना लावायचं. भिंगरी रोज सकाळी त्याला मांडीवर घेऊन गाल पुसू लागली. मुकादम डोळे मिटून घुरघुरे. आजोबा म्हणत, मुकादमांनी शेवटी कामाला हात लावला.

दुसऱ्या आठवड्यात फळीच्या मागे एक सही सापडली. भिंगरीने ती लपवली नाही. आईला नेऊन दाखवली. आईने वाकून पाहिलं, द्रावण आणलं आणि पुसून टाकलं. आजोबांनी फळी सरकवली, तेव्हा कळलं की मागची बाजू रविवारी पुसायची राहूनच गेली होती.

त्यानंतर काही झालं नाही. भिंगरी दिवस मोजत होती. तिसावा दिवस आला त्या सकाळी ती लवकर उठली, घरभर फिरून सगळ्या चौकटींना नाक लावून आली आणि आईपुढे जाऊन उभी राहिली. आई कोटाची बटणं लावत किल्ल्या शोधत होती.

"आई, आज महिना झाला."

"कसला महिना?" आई म्हणाली. "माझ्या किल्ल्या पाहिल्यास का कुठे?"

भिंगरीने तिच्याकडे नीट पाहिलं. आई खरंच विसरली होती.

"काही नाही," भिंगरी म्हणाली, आणि किल्ल्या शोधायला लागली.