एक राहिलंय

“बोला, काय तक्रार?”

आवाज घोगरा होता, पण घाईचा नव्हता. एवढं विचारून म्हातारे डॉक्टर पेनाला टोपण लावायचे, पेन खिशाला अडकवायचे आणि समोरच्याकडे बघत गप्प बसायचे. समोरचा आधी छताकडे बघे, मग पायांकडे, आणि मग बोलायला लागे. पस्तीस वर्षं कंपाउंडरने तो आवाज ऐकला होता. डॉक्टर जाऊन नऊ वर्षं झाली, तरी सकाळी तोंडावर पाणी मारताना कधीकधी तो कानाशी येई. बोला, काय तक्रार?

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत डॉक्टर, आणि बाहेरच्या खोलीत दाराला लागून कंपाउंडरची खिडकी. तिथे खल होता, गुलाबी औषधाची मोठी बरणी होती आणि डोस मोजायला बाटलीवर चिकटवायच्या दातेरी पट्ट्या कापायची कात्री होती. दोन खोल्यांच्या मधे लाकडी उंबरा, माणसांच्या पायांनी मधोमध झिजलेला. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी त्याला उंबऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं, “हे बघ, खुर्चीत बसून माणूस सांगण्यासारखं दुखणं सांगतो. न सांगण्यासारखं असतं ते जाता जाता, पाठ फिरवून, इथे सांगतो. औषधं काय, कुणीही ढवळेल. तू कान उघडे ठेव.”

आणि खरंच तसंच व्हायचं. सर्दीचं औषध घेऊन बाई उठायची, उंबऱ्यावर चप्पल शोधता शोधता स्वतःशीच म्हणायची, “बाकी काय, काखेत एक गाठ लागते हाताला, असेल काहीतरी.” की कंपाउंडर खिडकीतून आरोळी ठोकायचा, “डॉक्टर, एक राहिलंय!”

बाई लाजून परत खुर्चीत. डॉक्टरांचं टोपण पुन्हा पेनाला.

त्या रस्त्यावरची कितीतरी माणसं त्या आरोळीमुळे अजून हिंडत-फिरत होती. त्यांना ते माहीत नव्हतं, आणि कंपाउंडरनेही कधी कुणाला सांगितलं नाही.

डॉक्टर गेल्यावर वारसांनी जागा विकली. विकताना डॉक्टरांच्या चिठ्ठीतली एकच अट पाळली : कंपाउंडरला ठेवून घ्या. तिथे सहा मजल्यांचं काचेचं रुग्णालय उभं राहिलं, आणि घर बदलताना जुन्या कपाटाकडे बघतात तसं नवी मंडळी कंपाउंडरकडे बघू लागली. टाकवत नाही आणि ठेवायचं कुठे कळत नाही. औषधं आता पाकिटातून यायची, कुणी काही ढवळत नव्हतं. शेवटी त्याला तळमजल्यावर लिफ्टशेजारी एक खिडकी मिळाली. वर पाटी होती, ‘तक्रार निवारण कक्ष’.

इथेच घोटाळा झाला.

पस्तीस वर्षं ज्या माणसांना ‘काय तक्रार?’ असं विचारलं गेलं होतं, त्यांनी पाटी वाचली, आत ओळखीचा चेहरा बघितला आणि स्टूल ओढून बसली. “कंपाउंडर, पाठीत उसण भरलीय.” “भाऊ, डाव्या कानात सारखी शिट्टी वाजते.” समोर छापील अर्ज होता आणि त्यात चौकोन होते : पार्किंग, पंखा, स्वच्छता, कर्मचाऱ्यांचे वर्तन, इतर. कंपाउंडर ‘इतर’वर खूण करायचा आणि सुंदर, गोल अक्षरात लिहायचा, ‘डाव्या कानात शिट्टी, संध्याकाळी जास्त.’

“काका, अहो हे काय?” व्यवस्थापक एकदा अर्जांचा गठ्ठा घेऊन आले. तरुण गृहस्थ, बूट असे की त्यात लिफ्टचे दिवे दिसावेत. “कानात शिट्टी ही तक्रार आहे का?”

“त्यांना तर आहे साहेब.”

“तो आजार झाला! आजार तिसऱ्या मजल्यावर. तक्रार म्हणजे पंखा, लिफ्ट, पार्किंग. महिनाअखेर तपासणी आहे, एकही तक्रार शिल्लक दिसता कामा नये. तुम्ही काही बोलू नका, कुणाला बोलवू नका, फक्त अर्ज ट्रेमध्ये टाका. सात दिवसांत उत्तर जातं.”

“कुणाकडून?”

“सिस्टीमकडून.”

कंपाउंडरने मान हलवली. मूग गिळून बसणं त्याला पहिल्यापासून चांगलं जमायचं. पंचाईत एवढीच होती की हल्ली मूगही गिळवत नव्हते.

होय, तीन महिने झाले होते. आधी चपातीचा घास अडकायचा, छातीच्या वर, हाडामागे, जणू कुणी आतून बोट लावून धरलंय. पाणी प्यायलं की सरकायचा. मग भात अडकू लागला. आता तो पाव चहात बुडवून, त्याचा लगदा करून खायचा.

“अहो, दात गेले की काय तुमचे?” बायको विचारायची.

“दाढ दुखते.”

“मग काढून टाका ना एकदाची!”

“काढीन.”

दाढ ठणठणीत होती. पण पस्तीस वर्षांत ‘घास अडकतो’ म्हणणारी दोन माणसं त्याने उंबऱ्यावर बघितली होती, आणि त्या दोघांना शेवटी नुसत्या वेदना बधिर करायला कुठल्या बाटलीतलं औषध द्यावं लागलं तेही त्याला आठवत होतं. काही गोष्टी माहीत नसलेल्या बऱ्या असतात. त्याला माहीत होत्या.

तसा तो एकदा तिसऱ्या मजल्यावर जाऊन आला होता. तिथल्या डॉक्टरांना लोक ‘पाठमोरे’ म्हणत. हुशार माणूस, पदव्यांना भिंत पुरत नव्हती. पण कॉम्प्युटरची वायर आखूड निघाली म्हणून टेबल भिंतीकडे तोंड करून लावलेलं, त्यामुळे पेशंटच्या वाट्याला डॉक्टरांची पाठ यायची. त्यांचा चेहरा कुणी नीट पाहिला नव्हता. मानेवरचा तीळ मात्र साऱ्यांना पाठ होता. एका पेशंटची चार मिनिटं झाली की कॉम्प्युटरचा पडदा लाल व्हायचा आणि डॉक्टरांचे खांदे वर जायचे.

“काय होतंय?” पाठ म्हणाली होती.

“घशाशी जरा…”

“जळजळ?”

“जळजळ असं नाही म्हणता येणार, पण…”

“आंबट पाणी येतं तोंडात?”

कंपाउंडरने तिळाकडे बघितलं. तिळाला काय सांगणार? “येत असेल,” तो म्हणाला. टक् टक् बटणं वाजली, गोळ्यांचा कागद बाहेर आला. दाराशी आपण थांबू, तिथे सांगू, असं त्याने मनात योजलं होतं. पण दाराला उंबराच नव्हता. काचेचं सरकतं दार, माणूस जवळ गेला की आपोआप उघडायचं. तो बाहेर पडला आणि मागे टिंग करून दार मिटलं. थांबायचं कुठे, तेच त्याला कळलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी शिंपी आला. म्हाताऱ्या डॉक्टरांचे कोट त्यानेच शिवलेले, आणि कंपाउंडरचे शर्टसुद्धा.

“काय रे, बसू का? वर जाऊन आलो. आता तुझ्याकडे नोंदवतो.”

“पंखा की लिफ्ट?”

“जबडा.”

“चेष्टा नको.”

“अरे खरंच. वर गेलो होतो गुडघ्यासाठी. गुडघ्याच्या गोळ्या मिळाल्या. पण जिना चढताना डावा जबडा दुखतो. थांबलं की थांबतो. जबड्याचं आणि जिन्याचं काय नातं, सांग बरं!”

असं दुखणं जबड्याचं नसतं, काळजाचं असतं, हे कंपाउंडर उंबऱ्यावर शिकला होता. आरोळी पार गळ्यापर्यंत आली, डॉक्टर, एक रा… पण डॉक्टर तीन मजले वर, मधे लिफ्ट, मधे भोंगा टोकन नंबर एकशे बारा ओरडतोय. आणि कुणाला बोलवू नका असं सांगितलेलं. त्याने आवंढा गिळला, अर्धाच उतरला. त्याने ‘इतर’वर खूण केली आणि लिहिलं, ‘जिना चढताना डावा जबडा दुखतो. तातडीचे.’ तातडीच्या खाली दोन रेघा ओढल्या.

“सात दिवसांत उत्तर येईल. तोवर सांभाळ.”

“मग सात दिवस जिना चढत नाही, हाय काय नि नाय काय!” शिंपी हसत उठला. जाताना त्याने सवयीने कंपाउंडरची कॉलर नीट केली, आणि बोट तिथेच क्षणभर थबकलं. काहीतरी बोलणार होता. पण लिफ्ट आली.

पाचव्या दिवशी शिंपी दुकानाच्या माळ्यावर कापडाचा तागा आणायला चढला. खाली त्याला चौघांनी उतरवलं.

महिनाअखेर तपासणी झाली. मंडळी खूश झाली. दुपारी खिडकीच्या वर चकचकीत चौकट ठोकली गेली, ‘शिल्लक तक्रारी : शून्य.’ व्यवस्थापकांनी कंपाउंडरला खाली उभं केलं. “काका, हसा. हे सगळं तुमच्यामुळेच!” तो हसला. फोटोत तो छान आला.

फोटोवाले पांगले आणि शिंप्याची बायको स्टुलावर येऊन बसली. हातात एक कागद होता.

“वहिनी…”

“भाऊ, हे आलं होतं. सातव्या दिवशी. मला काही उमगेना, म्हणून घेऊन आले.”

त्याने चष्मा लावला. ‘आपली जिन्याबाबतची तक्रार मिळाली. रुग्णांच्या सोयीसाठी लिफ्ट उपलब्ध आहे. तक्रारीचे निवारण झाले. धन्यवाद.’

त्याने पुन्हा वाचलं. मजकुरात चूक काढायला जागा नव्हती. शुद्धलेखनसुद्धा बरोबर होतं.

“आणि मग फोन आला,” ती म्हणाली, “सेवेबद्दल समाधानी असाल तर एक दाबा. मी दाबलं बाई. दाबल्याशिवाय तो गप्पच बसेना.”

“वहिनी, मी तेव्हा…”

“नाही हो भाऊ, माझी तक्रार नाही काही. तुम्ही तरी ऐकून घेतलंत. त्या दिवशी घरी आले ते अगदी निवांत. म्हणाले, कंपाउंडरच्या कानावर घातलंय, आता तो बघेल.”

कंपाउंडर कागदाची घडी घालत राहिला. घडीवर घडी, नखाएवढी होईपर्यंत.

“पण एक बोलू?” तिने पुढे वाकून त्याच्या गळ्याकडे बघितलं. “हा शर्ट यांनीच शिवलेला ना? मागच्या वर्षी? काजं मीच केली होती. साडेपंधरा गळा तुमचा. यांचं माप कधी चुकलं नाही.” तिने कॉलरमध्ये बोटं घातली, एक, दोन, तीन. “हे बघा. तीन बोटं जातायत. त्या रात्री जेवताना हेसुद्धा तेच म्हणाले, कंपाउंडरची कॉलर सैल झालीय, विचारायचं राहिलं.”

भोंगा वर कुणाचा तरी नंबर ओरडत होता.

“घरी सांगितलंत?” तिने विचारलं.

“काय?”

“जे काय असेल ते.”

ती गेल्यावर त्याने खिडकीवर ‘जेवणाची वेळ’ ही पाटी उलटी केली आणि तिसऱ्या मजल्यावर निघाला. लिफ्ट उघडी होती. तो जिन्याने गेला.

टोकन मिळालं, नंबर आला. पाठ तशीच होती, तीळ तिथेच होता.

“गोळ्या संपल्या?”

“हो.”

“बरं वाटतंय?”

“हो,” तो म्हणाला. जीभ आपली सवयीने वळली, त्याला विचारलंही नाही. टक् टक् बटणं वाजली. त्याच गोळ्या, महिनाभर. कागद घेऊन तो उठला, चार पावलं चालला, टिंग करून दार उघडलं.

तिथे तो थांबला.

उंबरा नव्हता. शेजारी खिडकी नव्हती, खल नव्हता, आतून कान देऊन बसलेलं कुणीच नव्हतं. दार मिटायला आलं, त्याच्या खांद्याला लागलं आणि दचकून मागे सरलं. टिंग. पुन्हा आलं, पुन्हा मागे. टिंग.

“डॉक्टर,” तो म्हणाला, “एक राहिलंय.”

“पुढचे या,” पाठ म्हणाली.

मग कंपाउंडरने दोन्ही हात दाराच्या काचांना लावले, आणि पस्तीस वर्षं खिडकीतून ठोकायचा तशी आरोळी ठोकली.

“डॉक्टर, एक राहिलंय!”

बाकांवरची माणसं वळून बघू लागली. कुणी खोकत होतं, तेही थांबलं. भिंतीकडचा पडदा लाल झाला, आणि खुर्ची करकरत फिरली.

चेहरा अगदी कोवळा निघाला. डोळे तांबारलेले, हनुवटीवर घाईत दाढी करताना झालेली जखम. कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखं कंपाउंडरला ओशाळं वाटलं.

“कुणाचं राहिलंय?” त्या चेहऱ्याने विचारलं.

दार खांद्याला लागलं. टिंग.

“माझं,” कंपाउंडर म्हणाला. “जळजळ नाही डॉक्टर, कधीच नव्हती. तीन महिने झाले, घास खाली उतरत नाही. दाढ दुखते म्हणून बायकोला सांगत आलोय. काय असेल ते मला माहीत आहे, आणि मला फार भीती वाटते.”