दाराशी वरवंटा

शहाबादी फरशीवरून वरवंटा सरकत गेल्याचा तो जड, खरखरीत आवाज, एखाद्या वयस्क देवदूतानं बोलण्याआधी घसा साफ करावा तसा, चैत्रातल्या दुपारी मला अजून ऐकू येतो. आणि त्यामागोमाग येतो कडुनिंबाच्या मोहोराचा कडवट-गोड वास, उंबऱ्यावरून आत घुसणारी तापली धूळ, आणि तिच्याशी वाद न घालता पदरानं पुन्हा पुन्हा कपाळ टिपणारी मार्थाआत्या.

जिंतुरात चर्चमागच्या आमच्या वस्तीत तिचं एकखणी घर होतं. ऐन तारुण्यात वैधव्य आलं आणि त्या दिवसापासून तिनं एक नेम धरला: घरात कुणीही पुरुष पाऊल टाको, भाऊ असो, टपालवाला असो की माझ्यासारखा पोट सुटलेला भाचा, दाराची दोन्ही फाळकं सताड उघडायची आणि ती वाऱ्यानं लागू नयेत म्हणून मध्ये वरवंटा ठेवायचा. शुचितेचा उपदेश आम्ही चर्चमध्ये पुष्कळ ऐकला होता. देह हे मंदिर, दृष्टी हा दिवा, मन हे राखायचं शेत. आत्याकडे मात्र त्या सगळ्याचं वजन एका दगडात मावलेलं होतं. इतरांची शुद्धता कड्याकुलपात जपली जाते, तिची उघड्यावर, उन्हात वाळत घातलेल्या धुतल्या लुगड्यासारखी झुलत असे. त्या दारातून शेळ्या आल्या, वावटळी आल्या, एकदा तर कुणाच्या तरी वरातीतला वाट चुकलेला घोडा डोकावून गेला. संशय तेवढा कधी आला नाही. "लपवायचं काई नसलं की दाराचं वज्झं वाटत न्हाई," असं ती म्हणे, आणि कुणी चावट बोलू लागलं की न रागावता चुलीवरचं दूध बघायला उठे. दूध नसलं तरी उठे.

म्हणूनच त्या दुपारी ते दार बंद दिसलं तेव्हा मी भर उन्हात गारठलो.

बायकोनं दिलेला वांग्याच्या भाजीचा डबा माझ्या हातात होता. उंबऱ्याबाहेर टाचेशी झिजलेल्या पुरुषी चपला होत्या, आणि त्या याकोबमास्तरांच्या आहेत हे वस्तीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. मास्तर विधुर, आमच्या तरुण मंडळाला पवित्र आचरणाचे धडे तेच देत. समोरच्या ओट्यावर गहू निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. मी दाराला हात लावणार, तोच आतून हुंदका आला. तो आत्याचा नव्हता, मास्तरांचाही नव्हता. मास्तरांची लेक रूथ रडत होती. न्हाणीच्या बाजूनं, मागच्या दारानं आलेली असावी. ओट्यावरून ते दिसणं शक्य नव्हतं.

"पांढरं नेसून खोटं कसं उभं राहू, बाबा?" एवढंच मला ऐकू आलं, आणि कळायचं ते कळलं. रूथचं लग्न ठरलेलं होतं, मुलगा पालमचा, आणि लग्नाआधीच दोघांचा तोल गेला होता.

दार बोटभर उघडलं. फटीत आत्याचा एक डोळा.

"दाविद, तू कायबी ऐकलं न्हाईस. डबा दे अन् जा."

आता माझी अडचण अशी की माझ्या पोटात भाकरी राहते, गोष्ट राहत नाही. रात्री बायकोनं विचारलं, "आत्यांचं दार लागलेलं होतं म्हणं?" मी म्हणालो, "वारं लय होतं." ती म्हणाली, "पान तर हालत नव्हतं." मी पाणी प्यायलो. त्या आठवड्यात मी इतकं पाणी प्यायलो की चैत्रातही मला घाम येण्याऐवजी पूर येत होता.

वस्तीत मात्र कुजबुजीचा वणवा कापसाच्या वाळल्या पळाट्यांना लागावा तसा पसरला. शनिवारी चर्चचे पाळकसाहेब आत्याच्या उंबऱ्याशी आले. वरवंटा जागेवर, दार उघडं, मी बाजेवर आणि माझा जीव टांगणीला.

"बाई, कारण सांगा. न्हाईतर उद्या प्रभूच्या मेजाशी येऊ नका."

"ते सांगायचं माझं न्हाई, साहेब," आत्या म्हणाली आणि त्यांना चहा दिला. बशीत सांडलेला चहा तिनं पदरानं पुसला. इतक्या वर्षांचं नाव त्या बशीच्या काठावर डुचमळताना मला दिसत होतं.

रविवारी ती शेवटच्या बाकावर बसली. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पंगतीमागून पंगत वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकून परतली. मास्तर उठलेच नाहीत. लेकीवरचा राग मनात धरून भाकर घ्यायची नाही, इतका तो सरळ माणूस. पण त्यांच्या त्या सरळपणानंच घात केला. दोघंही मागं राहिले म्हणजे दोघंही दोषी, हे साऱ्या मंडळीनं एका श्वासात ठरवलं. "बघा," कुणीतरी पुटपुटलं. माझ्या जिभेच्या टोकाशी सत्य येऊन उभं राहिलं आणि आत्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी जीभ गिळली.

तेव्हा बायकांच्या बाजूनं रूथ उठली. तिचा आवाज वाळलेल्या पानासारखा होता. "त्या दुपारी आत्याच्या घरात मी बी होते. चूक माझी हाय. बाबाला सांगायचं होतं, अन् समोर ओट्यावर समदे बघायलते, म्हणून आत्यानं माझ्यासाठी दार लावलं."

मग शेवटच्या बाकावरून आत्या सावकाश पुढं आली आणि रूथजवळ थांबली. "हात दे पोरी. माझे गुडघे दुखायलेत, एकटीला टेकता येत न्हाईत."

दोघी कठड्याशी गेल्या. त्यांच्यामागं, पाय ओढत, मास्तर. पाळकसाहेबांचा भाकर धरलेला हात हवेत थांबला, आणि तेवढ्या वेळात मला माझं सारं आयुष्य आठवून झालं. मग तो हात खाली आला: आधी रूथपुढं, मग मास्तरांपुढं, आणि सगळ्यात शेवटी आत्यापुढं.

लग्नात रूथ पांढरं नेसूनच उभी राहिली. निऱ्या आत्यानं घातल्या.

आता ते घर बंद असतं. वरवंटा मी उचलून आणला. आमच्याकडे चटणी मिक्सरमध्ये होते, म्हणून तो दाराशी असतो, आणि माझा अंगठा त्याला ठेचकाळतो तेव्हा बायको म्हणते, आत्या अजून राखण करायलीय. काळ एकेक करून माणसांची दारं ओढून घेतो. पण स्वच्छ जगलेलं माणूस जाताना फटीत आपलं थोडं वजन ठेवून जातं, आणि त्या फटीतून वाऱ्यासारखं येत राहतं त्याचं नसणं.