दादाने मारलेली कल्टी

मी कल्टी. हो, तीच, जी 'मारायची' असते. मला हात नाहीत, पाय नाहीत, वजन तर मुळीच नाही. मी एक शब्द आहे. कुणी मला उच्चारलं की मी जागी होते. तोंड मिटलं की पुन्हा पेंगते, एक डोळा उघडा ठेवून.

मी पहिल्यांदा कुणाच्या तोंडून बाहेर पडले, हे मलाही ठाऊक नाही. आईबापाचा पत्ता नसलेली पोर मी. पण एका दशकात माझी काय चलती होती म्हणून सांगू! वर्गातून, कामावरून, कंटाळवाण्या भाषणातून गुपचूप निसटायचं, म्हणजे कल्टी मारायची. सॉलिड, शायनिंग, पोपट हे माझे सोबती, तेही तेव्हा जोरात होते. थोरली माणसं कपाळाला आठ्या घालून विचारत, "ही कुठली भाषा?" आणि चार दिवसांनी स्वतःच मला वापरत.

माझा सगळ्यात लाडका माणूस एका लाँड्रीत इस्त्री करायचा. वय तेवीस. त्याची धाकटी बहीण पुढच्या काउंटरवर बसून गिऱ्हाइकांच्या कपड्यांची तुटलेली बटणं लावायची, म्हणून तो तिला 'बटण' म्हणे. ती त्याला दादा. मागच्या खोलीत धुतलेल्या कोटांच्या रांगाच रांगा टांगलेल्या असत आणि त्यांच्या पलीकडे गल्लीत उघडणारं एक दार. दुपारी मालक जेवून पेंगायला लागले की दादा कोट बाजूला सारायचा, मान वळवून म्हणायचा, "चल बटण, कल्टी!" आणि आत शिरायचा. गल्लीत त्याचे दोन मित्र थांबलेले असत. तीनचा सिनेमा बघून स्वारी साडेपाचला हजर. मधे मालकांनी विचारलंच, तर बटण पापणी न लववता सांगायची, "मागे आहे, कोट लावतोय."

त्या मंगळवारीही तसंच झालं. "चल बटण, कल्टी!" कोट हलले. हँगर एकमेकांवर किणकिणले. मग थांबले.

सव्वातीनला ते दोघे मित्र पुढच्या दाराने आत आले.

"अगं, दादा कुठाय? आम्ही कधीचे ताटकळतोय."

"तो तर मघाशीच गेला. मागून."

"मागून कसा? त्या दाराला बाहेरून कुलूप आहे."

कुलूप मालकांनी सकाळीच घातलं होतं. आदल्या दिवशी दोन कोट चोरीला गेले होते ना. दादाला कुलपाचं माहीत नव्हतं. बटणलाही नव्हतं.

तरीही मालकांनी विचारल्यावर ती म्हणाली, "मागे आहे." साडेपाचपर्यंत म्हणत राहिली. मग मात्र तिला रडू फुटलं.

मालकांनी एकेक कोट खाली उतरवला. शेवटी उरल्या चार भिंती आणि ते बंद दार. खिडकी नव्हती. पुढच्या दारापाशी बटण स्वतः बसलेली. पोलिसांनी फरशी ठोकून पाहिली, छत पाहिलं. "माणूस काय हवेत विरतो?" त्यांच्यातला एकजण चिडून म्हणाला. पण आवाज जरा खालीच होता त्याचा.

घरी आईने एकच विचारलं, "जाताना काय म्हणाला?"

बटणने सांगितलं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे... कुणाला न सांगता जाणं."

"तुला तर सांगितलं की," आई म्हणाली. तिने चुलीवरचं भांडं खाली उतरवलं. मग म्हणाली, "तो शब्द या घरात पुन्हा नको."

पुढे माझे दिवस फिरले. नवी पोरं, नवे शब्द. मला आता कोण विचारतंय? बटणने लग्न केलं नाही, आईला सांभाळलं. अशी बत्तीस वर्षं गेली.

आता जे सांगते, ते मी कुणालाच सांगू शकले नाही. ज्याने मला एकदा तरी उच्चारलं, त्याच्या जिभेवर माझी एक जागा राहते. उबदार. माणूस गेला की ती गार पडते, आणि ते मला तत्क्षणी कळतं. मालकांची पडली. मित्रांपैकी एकाची पडली. दादाची पडली नाही. बत्तीस वर्षांत त्याने मला पुन्हा एकदाही उच्चारलं नाही, पण जागा उबदारच होती. तो होता. कुठे, ते विचारू नका.

गेल्या वर्षी आईला इस्पितळात ठेवलं. दुपारची वेळ, बटण पेला विसळत होती. पलंगाभोवतीचा हिरवा पडदा हलला. पंखा बंद होता. आई पडद्याकडे बघून हसली.

"आलास होय? थांब, चपला घालते."

"आई, कुणाशी बोलतेस?"

आईने जन्मात मला तोंडी घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं. "कल्टी," ती म्हणाली, शाळा चुकवणाऱ्या पोरीसारखी, अगदी हळू.

तिच्या जिभेवर माझी जागा झाली आणि त्याच श्वासासरशी गार पडली. आणि तिच्याबरोबर, इतक्या वर्षांनी, दादाचीही.

आता बटण त्या घरात एकटी असते. हल्ली ती रोज मला उच्चारते. सांगत नाही, विचारते. आईच्या रिकाम्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणते, "कल्टी?" आणि कान देऊन थांबते.

बटण, बाई गं, ऐक माझं. मी एक जुना, टाकून दिलेला शब्द आहे. मला विसर. भाजीवालीशी हुज्जत घाल, शेजारणीला चहाला बोलाव, रेडिओ मोठ्याने लाव, काहीही कर. पण मला हाक मारू नकोस. परवा तू विचारलंस ना, तेव्हा त्या खोलीत मला दोन तोंडांनी उच्चारलं.

दुसरं तोंड गार होतं.