फेस म्हणवून घेणारं हाड

मी समुद्रफेस बोलतोय. मलकापुरात रमाकांतरावांच्या वऱ्हांड्यात एक पिंजरा टांगलेला आहे. त्याच्या तारांत अडकवलेला अंगठ्याच्या नखाएवढा पांढरा तुकडा दिसतोय ना, तोच मी. आलो तेव्हा चांगला वीतभर होतो. बाकीचा मी कुठे गेलो ते सांगायचं आहे, आणि सांगता सांगता स्वतःची एक लबाडीही कबूल करायची आहे.

नावावरून लोकांना वाटतं, लाटांवरचा फेस वाळून घट्ट झाला आणि त्याचा मी झालो. तसं काही नाही. समुद्रात माकूळ नावाचा एक प्राणी असतो, मऊ, लिबलिबीत, दहा हातांचा. मी त्याच्या पाठीतलं हाड. तो मेला आणि मी तरंगत कोकणच्या किनाऱ्याला लागलो. एका बाईनं मला उचलून टोपलीत टाकलं, उन्हात वाळवलं आणि माझ्यासारख्या शेकडो जणांबरोबर पोत्यात भरलं. पोत्यावर कुणीतरी खडूनं नाव लिहिलं, तेव्हापासून मी फेस. हाड म्हणवून घेण्यापेक्षा ते ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

ते पोतं रेल्वेनं नांदुऱ्याला आलं, दयारामच्या दुकानात. एवढीशी खोली, आणि तिच्यात शे-दीडशे चोचींचा गोंगाट. तिथेच एक दिवस शकुंतलाबाई आल्या.

बाई तीस वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गाला शिकवत होत्या. निवृत्त झाल्या आणि घरातली शांतता त्यांना खायला उठली. मुलगा गंधार नोकरीसाठी पुण्यात, नवरा पेपरात तोंड खुपसून. दुकानातला कलकलाट ऐकून त्यांचा चेहरा असा खुलला, की दयारामनं भाव सांगायच्या आतच सौदा झाल्यात जमा होता.

"नाकाशी निळा तो नर, तपकिरी ते मादी," दयाराम म्हणाला. "खायले राळे अन् बाजरी द्या. कोथिंबीर, मेथी धुऊन द्या. पाणी दोन टाइम बदला. अन् हे पिंजऱ्यात टांगा, मादीले लागते."

"हे काय आहे बाप्पा?"

"समुद्रफेस."

"फेस? मग चालते," बाई म्हणाल्या आणि मी पिशवीत पडलो.

त्या 'मग चालते'चा अर्थ मला घरी आल्यावर कळला. या घरात चातुर्मासात कांदा-लसूण बंद, आणि अंड्याचा केक तर बाराही महिने फाटकाबाहेर. रमाकांतराव पोस्टातून निवृत्त झालेले, स्वभावानं थट्टेखोर. पिंजरा टांगता टांगता म्हणाले, "अंडं चालत नाही म्हणतेस, अन् अंडं घालणारीलेच घरात आणून बसवलं!"

"ते तिचं तिचं. आपल्याले थोडीच खायचं आहे?"

हे पक्षी म्हणजे बजरीगर. गावात मात्र सगळे त्यांना लव्हबर्डच म्हणतात. मादी मुगाच्या रंगाची, म्हणून ती मुगी. नर निळा, म्हणून निळोबा. निळोबा अखंड बडबड्या. स्टेशनावरून इंजिनाचा भोंगा आला, की हाही इकडून शीळ घालायचा. मुगी कमी बोलायची आणि जास्त कुरतडायची. तारा, झोके, पेपर, काही सोडत नसे. माझ्यावर तर तिचा भारी जीव.

पक्षी माणसाळवणं म्हणजे काय, ते मी अगदी जवळून पाहिलं. पहिले चार दिवस बाईंनी पिंजऱ्याशेजारी खुर्ची टाकून नुसती भाजी निवडली. पक्ष्यांकडे बघितलंसुद्धा नाही. पाचव्या दिवशी हात आत घातला, तर बांगड्या किणकिणल्या आणि दोघंही घाबरून तारांवर आपटत सैरावैरा उडाले. बांगड्या उतरवणं काही बाईंच्या मनाला पटेना. मग त्यांनी रमाकांतरावांचा जुना हातरुमाल घेतला आणि बांगड्यांवरून मनगटाला घट्ट गुंडाळला. आवाज बंद! रोज दुपारी तीन वाजता तळहातावर चिमूटभर राळे घ्यायचे आणि पंधरा मिनिटं हलायचं नाही. नाकावर माशी बसली तरी त्यांनी बसू दिली. पोरांच्या वर्गात मिळवलेला सगळा धीर त्या हातात उतरला होता. सतराव्या दिवशी मुगीनं एक पाय पुढे टाकला, मागे घेतला, पुन्हा टाकला आणि सरळ तळहातावर चढून दाणे टिपू लागली. बाई रडत होत्या, पण हात हलला नाही.

माझीही चैन चालली होती. बाई मला रोज ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि पाहुण्यांना सांगायच्या, "हा समुद्राचा फेस. समुद्रमंथनातून एवढं काय काय निघालं, त्यातलाच असेल हाही." पाहुणे बोट लावून ते बोट डोळ्यांना लावायचे. मी आपला फुगून बसायचो. खरं काय ते मला ठाऊक होतंच की! मला तोंड नाही हे बरोबर, पण असतं तरी मी तेव्हा बोललो नसतो. हीच ती लबाडी.

दिवाळीला गंधार पुण्याहून आला. वऱ्हांड्यात बसून फोन चाळता चाळता म्हणाला, "आई, हे काय आहे माहितीये तुला? फेसबिस काही नाही. हाड आहे हे. ऑक्टोपसच्या भाऊबंदांपैकी एकाचं."

"हाड?"

"हे बघ ना, फोटोच आहे."

बाईंनी फोटो बघितला. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. त्याच हातानं रोज मला पुसून त्या देवाची फुलं खुडायला जायच्या. गंधारच्या ध्यानीमनीही नव्हतं, तो चकली खात पुढचं वाचू लागला. बाईंनी मला कागदात धरून काढलं, पुडी बांधली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, हे नळगंगेत सोडून या. कचऱ्यात नका टाकू. जीव होता तो कोणाचा."

"हाव, जातो," रमाकांतराव म्हणाले. त्यांनी पुडी स्कूटरच्या डिकीत टाकली आणि साफ विसरले.

डिकीत पेट्रोलचा वास, एक तेलकट फडकं आणि अंधार. मला राग आला नाही, लाज वाटली. खोट्या नावावर मान घेतला की तो असाच जातो. स्कूटर मात्र वऱ्हांड्याला लागूनच उभी असायची, त्यामुळे सगळं ऐकू यायचं.

दिवाळी आटोपल्यावर बाईंनी पिंजऱ्यात घरट्यासाठी मडकं बांधलं. मुगी आतबाहेर करू लागली. दुपारी तिला मोकळी सोडली, की ती भिंतीशी जाऊन चुना खरवडायची. रमाकांतराव हसायचे, "अवं, हे पाहा! आपली भिंत खाऊन राह्यली हे पोरगी!" बाईही हसायच्या. मला डिकीत हसू येईना. अंड्याच्या कवचाला जे लागतं ते तिला मिळत नव्हतं, म्हणून ती भिंत खात होती. ती मला शोधत होती. एका दुपारी मडक्यात अंडं सापडलं, पण कवच नाहीच, नुसती मऊ कातडी. बोट लागताच फुटलं. पहिलटकरणीचं असंच व्हायचं, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली.

दोन दिवसांनी मार्गशीर्षातला गुरुवार होता. थंडी कडाक्याची. बाईंनी पहाटे न्हाऊन घट मांडला, फुलं-पत्री लावली आणि पक्ष्यांना पाणी द्यायला बाहेर आल्या. मला त्यांची हाक ऐकू आली, "अहो! अहो, लवकर या!"

त्यांच्या बोलण्यावरून कळलं, मुगी पिंजऱ्याच्या तळाशी बसली होती, पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून. शेपटी वरखाली होत होती आणि ती कुंथत होती. निळोबा वरून हाका मारत होता, पण ती मान वर करीना. बाईंनी दयारामला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

"काकू, अंडं अडकलं तिचं," दयाराम म्हणाला. "घाबरू नका, पण टाइम नका घालवू. खोक्यात फडकं टाका, गरम पाण्याची पिशवी गुंडाळून ठेवा, तिले त्याच्याजवळ बसवा. अन् समुद्रफेस खाऊन राह्यली ना ते?"

बाईंच्या बांगड्या किणकिणल्या.

"काकू?"

"काढला मी तो. हाड आहे ना ते."

दयाराम हळूच म्हणाला, "काकू, हाडाशिवाय कवच कायचं बनंल? मी अकोल्याकडून येणाऱ्या गाडीची वाट नाही पाहत, फटफटीनंच निघतो. दवाई आणतो. पण तासभर लागंल. तोवर तो फेस उगाळून थेंब थेंब चोचीले लावा."

"सोडला हो नदीत," बाई म्हणाल्या. "मीच सोडायले लावला. मीच तिच्या तोंडचं काढून घेतलं."

तेव्हा रमाकांतराव घसा खाकरून म्हणाले, "सोडला नाही. डिकीत आहे. राहूनच गेलं."

नवऱ्याच्या विसराळूपणावर एरवी तासभर बोलणारी बाई त्या दिवशी सरळ स्कूटरकडे धावली. डिकी उघडली, उजेड आला आणि बाईंचा हात माझ्या दिशेनं येताना मी पाहिला.

"थांब, मी काढतो," रमाकांतराव म्हणाले. "आज गुरुवार आहे, घट मांडलाय. शिवलीस तर पुन्हा आंघोळ करावी लागंल तुले."

"करीन. पाणी तापलेलंच आहे."

बाईंनी कागद फाडला आणि मला उघड्या हातात घेतलं. मग फळीवरून त्यांनी एक छोटी सहाण काढली, गंधार तान्हा असताना बाळगुटी उगाळायची ती. त्यावर कोमट पाण्याचे चार थेंब टाकले आणि मला उगाळू लागल्या. बाळगुटीत प्रत्येक मुळीचे वेढे मोजून द्यायचे असतात. ओठ सवयीनं मोजत होते, एक वेढा, दोन वेढे, तीन. हाडाचे वेढे किती द्यायचे हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पाचाला थांबल्या, विचार केला आणि आणखी दोन दिले.

मुगीला त्यांनी हातात घेतलं. दुसरी कुठली पक्षीण असती तर माणसाच्या नुसत्या मुठीनंच धसका घेऊन मेली असती. ही सतरा दिवसांच्या त्या हाताला ओळखत होती. करंगळीच्या टोकावरचा पांढरा थेंब बाईंनी तिच्या चोचीच्या कडेला लावला. तिनं जीभ हलवली. दुसरा थेंब. तिसरा. मग तिला खोक्यात उबेला बसवून बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या. तिकडे घट वाट बघत होता. रमाकांतराव न सांगता पाण्याची पिशवी बदलत होते.

दयाराम आला तेव्हा त्याच्या मिशीवर धूळ होती. त्यानं औषधाचे दोन थेंब दिले, कोमट तेलाचं बोट लावलं आणि म्हणाला, "आता तिचं ती." कुणी चहासुद्धा केला नाही. उन्हं अंगणात उतरली तेव्हा मुगी एकदा जोरात कण्हली, आणि फडक्यावर एक अंडं आलं. खडबडीत, थोडं वाकडं, पण कवचाचं. थोड्या वेळानं ती उठून पाणी प्यायली.

"हाडानं झालं, शेकानं झालं का दवाईनं झालं, मले नाही सांगता येत," दयाराम म्हणाला. "पण फेस पुन्हा काढू नका, काकू."

"फेस नाही, दयाराम. हाड," बाई म्हणाल्या आणि मला स्वतः तारेत अडकवून आंघोळीला गेल्या. पूजा दुपारी झाली.

तेव्हापासून मी याच जागी आहे. दयारामच्या सांगण्यावरून मडकं काढलं, मुगीला दोन महिने विसावा दिला. राळे, मेथी आणि मी, एवढाच तिचा खुराक. मडकं पुन्हा बांधलं तेव्हा तिनं चार अंडी घातली, चारही टणक. तीन पिल्लं निघाली. शेजारच्या बाईंनी परवा मला बघून विचारलं, "हे काय हो?" शकुंतलाबाई म्हणाल्या, "हाड आहे. समुद्रातल्या एका जीवाचं. लागते तिले." कुणी मला बोट लावून डोळ्यांना लावलं नाही. तरी इतकं बरं मला आजवर कधी वाटलं नव्हतं.

आता मी फार उरलो नाही. मुगीची चोच बघता आठवडा निघाला तरी पुष्कळ. बाईंनी नवा तुकडा मागवून ठेवलाय, त्यामुळे मला काळजी नाही. तुमच्याही घरी पाखरं असतील, तर एवढंच सांगतो. त्यांना पाळताना आपल्या सोवळ्या-ओवळ्याचा हिशेब त्यांच्या ताटाला लावू नका, आणि त्यांना काय लागतं ते आधी विचारा.

आज सकाळी बाईंनी सगळ्यांत धाकट्या पिल्लाला मडक्यातून काढून तळहातावर ठेवलं. अजून पिसंही पुरती फुटलेली नाहीत. ते दोनदा आपटलं, आणि मग काडीएवढ्या पायांवर लटपटत उभं राहिलं. बाई त्याला म्हणत होत्या, "हळू बाप्पा, हळू." मी तारेतून त्या पायांकडे बघत होतो. बाकीचा मी कुठे गेलो म्हणून सुरुवातीला म्हणालो ना, तो तिथे उभा आहे.