कोरी मशीन

“हिच्यावर काही चढवायचं नाही, पोरी. गाणं नाही, खेळ नाही, कुराणाचं पठणसुद्धा नाही. ही कोरी आहे म्हणूनच खरं बोलते.”

तिला काम शिकवणाऱ्या उस्ताज रऊफ यांचा तो हळू आवाज आठवत सफिनाझनं खिडकीखालच्या मशीनवरचं सुती कापड बाजूला केलं आणि खुर्चीही न ओढता, उभ्या उभ्याच बटण दाबलं. उस्ताज निवृत्त होऊन दोन उन्हाळे झाले होते. मशीनची राखण तेव्हापासून तिच्याकडे होती.

प्रोग्राम एकटा कुठंच चालत नाही. त्याच्या पाठीशी लायब्ररीच्या कितीतरी फायली लागतात, आणि त्यातली एक जरी मागं राहिली तरी तो उंबऱ्यावरच बसकण मारतो. लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या मशीनवर त्या सगळ्या कधीच्याच येऊन बसलेल्या असतात, त्यामुळे सोबत काय काय बांधून द्यायचं याचं त्याला भान राहत नाही. म्हणून ऑफिसात ही एक मशीन रिकामी ठेवलेली होती. गिऱ्हाईकाची सीडी तयार झाली की आधी हिच्यावर चालवायची. काही विसरलं असेल तर ही त्या फायलीचं नाव घेऊन सांगायची. गिऱ्हाईकाकडे सगळं सुरळीत लागलं की मग हिला पुसून पुन्हा कोरी करायची, जेवण झाल्यावर ताट घासून पालथं घालावं तशी.

दमनहूर शहरातल्या डायलिसिस केंद्राची सीडी सोमवारी हिच्यावर कुरकूर न करता चालली होती. बुधवारी केंद्रात मात्र पहिल्याच पडद्यावर एक फाइल सापडत नसल्याची पाटी आली. रुग्णांच्या पाळ्या त्याच दिवसापासून प्रोग्राममध्ये लागायच्या होत्या आणि जुना फळा आदल्या संध्याकाळीच पुसून टाकला होता. कुणाला कोणत्या खाटेवर घ्यायचं ते नर्सना कळेना. एक म्हातारी बाही वर करून बाकावर बसून राहिली होती. दर वेळी दार उघडलं की ती हात पुढं करायची. सफिनाझनं आपल्या लॅपटॉपमधून ती फाइल काढून घातली आणि काम सुरू झालं, पण तोवर बरीच सकाळ गेली होती. डॉक्टर रागावले नाहीत. पुन्हा असं झालं तर आम्ही आपले फळ्यावर जाऊ, एवढंच त्यांनी सांगितलं. ते जास्त लागलं.

आज गुरुवार होता, तिच्या उपासाचा. सोमवार आणि गुरुवार तिनं कधी मोडले नव्हते. कोरड्या ओठांवरून जीभ न फिरवता ती पडद्यावरची यादी खाली खाली नेत राहिली आणि थांबली.

दमनहूरला न सापडलेली फाइल इथं होती. कोऱ्या मशीनवर. सीडीतून ती येणं शक्य नव्हतं, कारण सीडीत ती नव्हतीच. तिच्यापुढं मशीनवर आल्याची वेळ होती: मागचा शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर.

शुक्रवारी ऑफिस बंद असतं.

चाव्या तिघांकडे. एक तिच्याकडे, एक मालकीणबाई मादाम इंजींकडे, तिसरी हातेमकडे.

हातेम मशीनच्या खोलीच्या दाराबाहेर, समोरच्याच टेबलावर टेकून चहा ढवळत होता. दमनहूरचं काम त्याला हवं होतं आणि मादाम इंजींनी ते सफिनाझला दिलं, ही गोष्ट काही लपलेली नव्हती. त्यावर तो हसला होता, पण तो कशावरही हसायचा.

“काय म्हणते तुझी पवित्र बाई?” त्यानं मशीनकडे हनुवटी केली. “जवळ येऊ, की चपला काढून येऊ?”

मशीनच्या खोलीत धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायची पद्धत उस्ताजांनी घातली होती. हातेम ती पाळायचा आणि रोज तिची थट्टाही करायचा. आज तिला ती थट्टा वाटली नाही.

“मागच्या शुक्रवारी कुठं होतास?” तिनं विचारलं.

“सासरी. जावयाला शुक्रवारी दुसरीकडे कोण विचारतंय?” तो हसला आणि मोबाइल पालथा ठेवला.

तो मोबाइल तिच्या डोळ्यात राहिला. मग एकेक आठवायला लागलं. गेल्या आठवड्यात तो दोनदा लवकर निघाला होता. सोमवारी चाचणी चालू असताना तो मागं येऊन उभा राहिला होता आणि विचारलं तर म्हणाला, नुसतं बघतोय. दुपारी त्यानं तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर चहा ठेवला, मग कपाळावर हात मारून उचलून नेला. रोज शेजारी बसणाऱ्याला गुरुवार लक्षात राहत नाही? माणूस एकदा मनातून उतरला की त्याचं शिंकणंही मुद्दाम वाटतं. सफिनाझला हे ठाऊक होतं, तरी ती मोजत राहिली.

अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर ती मादाम इंजींच्या खोलीत गेली. झालेलं सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कोण, असं विचारलं.

“किल्ली हातेमकडेही आहे,” सफिनाझ म्हणाली.

एवढंच. बाईंना एवढं पुरलं.

“त्याची बायको आता बाळंत होईल, म्हणून मी त्याला सांभाळून घेत होते,” त्या म्हणाल्या. “पण रुग्णांच्या जिवाशी खेळ करणारा माणूस मला नको. शनिवारी सकाळी मला नक्की नाव सांग. अंदाज नको. नाव दिलंस की मी त्याला मोकळा करते.”

“शनिवारी सांगेन,” सफिनाझनं शब्द दिला.

संध्याकाळी तिनं खजुरानं उपास सोडला. झोपण्याआधी अंथरुणावर बसून दिवस आठवायचा, कुणाच्या पाठीमागं वावगं बोललो असलो तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाकडे जाऊन माफी मागायची, हा तिचा आणखी एक नेम होता. तिनं ते एक वाक्य उलटसुलट करून पाहिलं. किल्ली हातेमकडे आहे. त्यात खोटं काय होतं? काहीच नव्हतं. तरी दिवा मालवून ती बराच वेळ जागी राहिली.

शुक्रवारी नमाज उरकून ती ट्रामनं ऑफिसजवळच्या मुहर्रम बे थांब्यावर उतरली. इमारतीचा दारवान, अम्म शाकिर, जिन्याशी खुर्ची टाकून बसला होता. तिला पाहताच तो उठला आणि उगाचच खुर्ची पुसू लागला.

“आज सुट्टीच्या दिवशी तुम्हीसुद्धा?”

“सुद्धा म्हणजे? आणखी कोण आलंय, अम्म शाकिर?”

“मी जिना झाडतो, बाई. जिना झाडणाऱ्याची मान खालीच असते.” असं म्हणून त्यानं खरंच मान खाली घातली.

ती वर गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत हातेम असणार, मांडीवर मोबाइल, आणि तो हसणार, हे तिच्या मनात इतकं ठसलं होतं की मशीनच्या खोलीबाहेर काढून ठेवलेले बूट तिला आधी त्याचेच वाटले. मग तिनं नीट पाहिलं. तपकिरी, जुने, पॉलिश केलेले बूट. डाव्या पायाची टाच एका अंगानं झिजलेली. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ती टाच तिच्या ओळखीची होती.

आतून आवाज आला.

“दात दाखव बघू. वरचा पडला का? आजोबांना न विचारता पडला?”

पलीकडे एक लहान मूल खिदळलं. बोबड्या बोलण्यात मधेच फ्रेंच शब्द आले, आणि एका बाईचा आवाज त्याला सांगू लागला की अरबीत बोल, आजोबांशी अरबीत.

शहिराचा आवाज. उस्ताज रऊफ यांची ही मुलगी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करून माँट्रियलला गेली, त्यानंतर तिच्या आईनं घरातला तिचा एकूण एक फोटो उतरवला होता. ऑफिसात हे सगळ्यांना माहीत होतं. ती आई म्हणजे मादाम इंजींची सख्खी मावशी.

सफिनाझ आत गेली नाही. बोलणं संपेपर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग खुर्ची सरकली, आणि उस्ताजांनी वळून पाहिलं. चौथी चावी त्यांच्या हातात होती. निरोपाच्या दिवशी ती परत मागायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

“ये, पोरी,” ते म्हणाले. लपवण्याचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. “शहिराच्या आईला मी शब्द दिलाय, घरात तिचं नाव काढणार नाही. तो मी पाळतो. हे घर नाही.”

“तुमच्या कुणाच्या मशीनला हात लावायचा नव्हता,” ते पुढं म्हणाले. “हिच्यावर कुणाचंच काही नसतं. आणि बोलणं झालं की तो बोलायचा प्रोग्राम मी दर वेळी काढून टाकतो. काही ठेवत नाही.”

“प्रोग्राम जातो, उस्ताज. त्यानं सोबत आणलेल्या फायली मागं राहतात.”

पडद्यावर आता नुसता निळा रंग होता. त्यांनी माऊसवरचा हात अलगद उचलून मांडीवर ठेवला.

“हे मीच शिकवलं होतं तुला.”

“हो.”

“कुठं अडलं?”

तिनं दमनहूरचं सांगितलं. बाकावरच्या म्हातारीचंही सांगितलं. हातेमचं सांगताना तिचा आवाज खाली गेला. उस्ताज उठले, कोट हातात घेतला आणि म्हणाले की उद्या मी स्वतः येऊन इंजीला सांगतो. त्या मुलाच्या पोटावर माझ्यामुळं पाय येता कामा नये. कोटाची बाही त्यांना सापडत नव्हती. सफिनाझनं ती धरली.

“मादाम इंजींना सांगितलंत तर संध्याकाळपर्यंत मावशींना कळेल.”

“कळेल.”

“मग शुक्रवार राहणार नाही.”

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं.

“त्याचं काही नाही,” ते म्हणाले. आवाज मात्र तसं म्हणत नव्हता.

“नाव शनिवारी मी सांगणार असं कबूल केलंय,” सफिनाझ म्हणाली. “तुम्ही येऊ नका. मीच सांगेन.”

“कुणाचं?”

मशीनवर कापड घालता घालता ती म्हणाली, “पुढच्या शुक्रवारी माझ्या टेबलावरची मशीन घ्या. तिच्यावर कसल्या कसल्या फायली आहेत, आणखी चार आल्या तर कुणाला कळायचं नाही.”

शनिवारी ती सगळ्यांच्या आधी आली आणि मशीन पुसून कोरी केली. मग उस्ताजांच्या अक्षरातली नियमांची चिठ्ठी भिंतीवर होती, तिच्याखाली तिनं आपल्या हातानं एक ओळ वाढवली: चाचणीच्या आधीही पुसणे. ताट घासून पालथं घातलं तरी वाढण्यापूर्वी एकदा धुवायचं असतं, हे घरी तिला कधी सांगावं लागलं नव्हतं. इथं सुचलं नव्हतं.

हातेम शिजवलेल्या घेवड्याच्या सँडविचची पुडी घेऊन आला. त्यानं पुडी तिच्यापुढं धरली.

“आज शनिवार. आज चालतं ना तुला? गुरुवारी चहा ठेवला आणि मग माझं मलाच कसंतरी झालं.”

“हातेम,” ती म्हणाली, “गुरुवारी मी तुझ्या पाठीमागं तुझ्याबद्दल वावगं बोलले. मला माफ कर.”

तो हसायला गेला, पण तिचा चेहरा पाहून थांबला.

“एवढंच? माझी सासू तर तोंडावर बोलते.” मग थोड्या वेळानं, “काय बोललीस?”

“जे बोलले ते खरं होतं. ज्यासाठी बोलले ते खोटं होतं.”

त्याला काही समजलं नाही. पुडी तिच्या टेबलावर ठेवून तो आपल्या खुर्चीकडे गेला आणि मोबाइल उघडून बायकोला विचारू लागला की रात्रभर पाठ दुखली का, डॉक्टरकडे आजच जायचं का.

सफिनाझ बोलायचं ते मनात मांडत होती. मशीन माझ्या राखणीत होती. चाचणीआधी मी ती पुसली नाही. मी पुसली असती तर दमनहूरची सीडी सोमवारी इथंच अडली असती. तिनं एकेक वाक्य तपासलं. त्यात खोटं एकही नव्हतं. आत काही मागं राहून गेलंय का, तेही तिनं पाहिलं.

मादाम इंजींच्या खोलीत कप बशीवर टेकल्याचा आवाज झाला. सफिनाझनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला, मशीनच्या खोलीबाहेर काढलेल्या चपला पायात घातल्या आणि आपलं नाव सांगायला निघाली.