जावयाच्या गाडीचं तेल

“हे तेल हाय का गुलाबपाणी?”

दसऱ्याच्या सकाळी साडेसहाला अंगणातून हा आवाज आला आणि मी चहाचं भांडं तसंच टाकून धावले. माझे बाबा, खुशालराव, माझ्या नवऱ्याच्या गाडीखालून सरकत बाहेर येत होते. हातात घमेलं, घमेल्यात सोनेरी, पातळ तेल. त्यांनी ते बोटांत चोळलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू ते मीच घरी गाळलं असावं.

“बाबा, हे काय करून राहिले तुमी?”

“काय म्हंजे? दसरा हाय. आपल्या घरी कोन्तं इंजिन दसऱ्याले जुन्या तेलावर राह्यते?”

हे मात्र खरं. एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं इंजिन फिटर असलेल्या माणसाच्या घरी दसऱ्याला आधी तेल बदलतं, मग इंजिनाला हार पडतो. आमची मोटारसायकल, शेजारच्या नत्थुजींची पिठाची चक्की, भातकुलीच्या काकांचा ट्रॅक्टर, सगळ्यांना एकाच डब्यातलं, डिझेल इंजिनाचं, काकवीसारखं दाट तेल. राजापेठेत आमच्या गल्लीत आजवर एकाही इंजिनानं तक्रार केलेली नाही.

आणि यंदा जावयाची गाडी! विपुलची ही लाल, पेट्रोलवरची, टर्बोवाली गाडी म्हणजे माझी सवतच. पुण्याहून येताना त्यानं तिला वाटेत दोनदा पुसलं. मला एकदाही विचारलं नाही, प्राजक्ता, दमलीस का. तिच्यात कुठलं तेल घालायचं यावर तो मित्रांशी तासतासभर बोलतो. हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत बाबांनी डबा रिकामा करून झाकण बसवलंसुद्धा. किल्ली तर पूजेच्या नावाखाली रात्रीच मागून घेतली होती.

“जवाईबापूले आत्ता सांगू नको. पयला दसरा हाय त्यायचा. गाडी मस्त चालली का मंग मीच सांगतो.”

आईनं मला बाजूला ओढलं. “एकतीस वर्सांत त्यायनं एक चूक कबूल नाई केली. सनावाराले कायले तोंडी लागतं?”

मीही परत चहाकडे वळले. खरं सांगायचं तर मला काळजी वाटलीच नाही. बाबांचा हात लागला आणि इंजिन बिघडलं, असं मी कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं अकोल्याला आत्याकडे सोनं द्यायला निघालो. बाबा पुढे, मी मागे. मूर्तिजापूर मागे पडलं आणि विपुलच्या अंगात आलं.

“आता बघा हं बाबा. सहावा गिअर, साठचा स्पीड, आणि सरळ पाय दाबतो. चढावर पण कशी उचलते!”

उड्डाणपुलाचा चढ होता. गाडीनं उचललं. मला फक्त गाडीत लागलेलं गाणं ऐकू आलं. बाबांनी हात लांब करून गाणं बंद केलं.

“एक डाव अजून दाबा.”

विपुल खूश. दाबलं.

“अजून.”

सासरे फिदा झाले, असं विपुलला वाटलं. मला मागून बाबांची मान दिसत होती. एसी चालू असूनही तिच्यावर घाम आला होता, आणि मला कालचा तेलाचा डबा आठवला. विपुलला काही ऐकू आलं नव्हतं. गाडीत धोक्याचा एकही दिवा लागला नव्हता. बाबा बोलले नाहीत, तर जगात कुणाला काही कळणार नव्हतं. पुढेमागे काही झालं असतं तर खापर पेट्रोल पंपावर फुटलं असतं. मी मनातल्या मनात हात जोडले. बाबा, गप्प बसा. मला ह्या माणसाबरोबर जन्म काढायचा आहे.

“गाडी बाजूले घ्या, जवाईबापू. हळू. पाय नका देऊ.”

“का? काय झालं?”

“अंदर ठोका येऊन राहिला. आग टायमाच्या पयलेच लागून राहिली. तेलानं व्हय ते. म्या तुमचं तेल बदललं काल. डिझेलचं टाकलं.”

गाडी थांबली.

“डिझेलचं?”

“डिझेलचं.”

“ह्या गाडीत?”

“ह्याच गाडीत. पन मापात टाकलं. एक थेंब जास्त नाई.”

“आणि माझं तेल?”

“फाटकाच्या बिजागऱ्यायले. कुरकुर गेली त्यायची.”

विपुल उतरला. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, तुरीच्या शेताकडे तोंड करून उभा राहिला, कुणाला तरी फोन केला. पुण्याचा माणूस चिडला की त्याची भाषा जास्तच शुद्ध होते. परत येऊन तो म्हणाला, “बाबा, आपण हे करायला नको होतं.”

“व्हय,” बाबा म्हणाले. “चुकलं माह्यं.”

हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकले. आईला सांगितलं असतं तर तिनं मला ताप आला का पाहिलं असतं.

मग ताशी चाळीसनं अकोला. सोयाबीनचा एक ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला. विपुलनं तिकडे पाहिलं नाही. बाबांनी पाहिलं आणि पटकन मान वळवली.

गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपच्या काउंटरवर टाय लावलेला योगेश नावाचा मुलगा होता. “तेल बदलून पुरी तपासनी करून देतो. पन हे टाकलं कोनं? वारंटीच्या कागदावर लिवा लागते.”

विपुलनं बाबांकडे पाहिलं. सणाचा पांढरा सदरा, कोपरावर काळा डाग. 

“मीच,” विपुल म्हणाला. “चुकून.”

बाई गं! त्या क्षणी सवत-बिवत सगळं विसरून मी त्याला तिथंच मिठी मारणार होते.

“नाई,” बाबा पुढे सरकले. “जवाईबापूले बोनट बी उघडता येत नाई. म्या टाकलं. लिवा.”

“राहू द्या ना काका,” योगेश हसला. “रस्त्यावरच्या कोन्या मेकॅनिकनं टाकलं, असं लिवून देतो.”

“कोन्या मेकॅनिकनं?” बाबांचा आवाज चढला. “त्या बिचाऱ्यानं कायले शिव्या खाव्या? लिवा. खुशालराव गावंडे, इंजिन फिटर.”

योगेशनं लिहिलं. कागद पुढे आला. बाबांनी चष्मा लावला, ‘चुकीचे तेल भरल्यामुळे’ ही ओळ बोट ठेवून वाचली आणि सही केली. मग जरा थांबून, डेपोतून गाडी बाहेर सोडताना लिहायचे तसा, सहीखाली आपला बिल्ला नंबर लिहिला.