बटाट्याची निर्दोष सुटका

मित्रांनो, मधुमेहाविरुद्धच्या लढ्यात माझ्याइतकी प्रदीर्घ आणि निःस्वार्थ सेवा क्वचितच कोणी केली असेल. मी एक जुना रबरी बटाटा आहे.

एका साच्यातून माझा जन्म झाला. मासा, पावाचा तुकडा आणि वाटाण्यांचा ढीग ही माझी भावंडं. आम्ही स्वीडनमधल्या एका आरोग्यकेंद्रात, आहारतज्ज्ञ तुवाबाईंच्या पेटीत राहतो. मधुमेहाचा रुग्ण आला की बाई त्याच्यापुढे रिकामी ताटली ठेवतात आणि म्हणतात, "रोज जेवता तसं वाढून दाखवा." बावीस वर्षांत हजारो हातांनी मला कौतुकाने उचललं. एकाने चावूनही पाहिलं. त्या दाताची खूण अजून आहे. पण अलीकडे लोक मला पाहून तोंड फिरवू लागले. साखर वाढते ती याच्यामुळेच, असं कुठूनतरी ऐकून येत. निर्दोष असून आरोपी ठरणं काय असतं, ते मला विचारा.

गेल्या सप्टेंबरात बिर्गर आले. वय अडुसष्ट, गावच्या चर्चमधले ऑर्गनवादक. ऑर्गनचे खालचे सूर पायांनी वाजवायचे असतात आणि त्यांचे तळपाय मधुमेहाने बधिर होत चालले होते.

"कुठल्या सुरावर पाय आहे ते आता वाकून बघावं लागतं," ते म्हणाले. "नाताळपर्यंत असंच चाललं, तर ऑर्गनचा बाक सोडलेला बरा."

त्यांनी ताटलीत मासा ठेवला, वाटाणे ठेवले. मला उचलून खिडकीत नेऊन ठेवलं. "याला तीन महिन्यांपूर्वीच घराबाहेर काढलाय. तरी साखर हलत नाही."

"आणि रविवारी प्रार्थनेनंतर?"

"काही नाही. नुसती कॉफी."

तुवाबाईंनी वाद घातला नाही. एक वही दिली. रोज साखर मोजायची आणि दिवसभरात काय केलं ते लिहायचं. दोन आठवड्यांनी बाईंनी वही उघडली, तेव्हा मी अजून खिडकीतच होतो. रविवारी साखर चढलेली. मंगळवारी चढलेली. गुरुवारी तर डोंगर.

"गुरुवारी काय होतं?"

"अंत्यसंस्कार. ऑर्गन वाजवला, मग सभागृहात सगळ्यांबरोबर कॉफी."

"आणि मंगळवारी?"

"तेच. थंडी पडली की म्हातारे घाई करतात."

"म्हणजे लोक जातात आणि साखर तुमची वाढते. कॉफीबरोबर काय असतं, बिर्गर?"

ते ओशाळले. "सात प्रकारची बिस्किटं. प्रत्येकातलं एक घ्यावंच लागतं. एक जरी सोडलं, तरी जिने भाजलं ती बाई वर्षभर बोलत नाही."

"मग वहीत का नाही लिहिलं?"

"ते काय खाणं आहे? ती रीत आहे."

मित्रांनो, खिडकीतल्या खिडकीत मला उडी मारावीशी वाटली. सुटलो होतो मी! खरे आरोपी सात होते आणि त्यांतल्या दोघांवर बदाम होते.

पुढच्या रविवारी बाई पेटी घेऊन थेट चर्चच्या सभागृहात गेल्या. बिस्किटं भाजणाऱ्या सात जणींच्या म्होरक्या इंगेगर्डबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"काय गं पोरी, आमच्या बिस्किटांत विष आहे?"

"छे हो. पण सात जणींची माया एका माणसाने एका बशीत किती पचवायची? पाळी लावा. दर खेपेला एकीचंच खातील ते."

मग मागून कोणीतरी विचारलं, "पहिली पाळी कोणाची?"

"माझी," इंगेगर्डबाई म्हणाल्या आणि प्रश्न मिटला.

"आणि बटाट्याचं काय?" बिर्गरनी हळूच विचारलं.

बाईंनी ताटली काढली. अर्ध्या ताटलीत कोबी आणि गाजर, पाव भागात मासा. उरलेल्या पाव भागात, सर्वांच्या देखत, मी. "एवढा चालतो," बाई म्हणाल्या. एवढ्या मोठ्या सभेत माझ्या बाजूने बोललेलं मी प्रथमच ऐकलं.

नाताळपर्यंत साखर बरीच उतरली. बधिरपणा गेला नाही, पण वरही सरकला नाही. नाताळच्या प्रार्थनेला बिर्गरनी अख्खं गाव हलवून सोडणारा ऑर्गन वाजवला. मी बाईंच्या पिशवीतून पाहत होतो. पायांकडे त्यांनी फक्त दोनदा पाहिलं.

तेव्हा मित्रांनो, साखर वाढली की गरीब बटाट्याला हाकलू नका. आहारतज्ज्ञाकडे जा, आणि बशीत काय होतं तेही सांगा. जुन्या रबरी वस्तूंवरची धूळही अधूनमधून पुसत जा.

गेल्या रविवारी पुन्हा इंगेगर्डबाईंची पाळी आली. तुवाबाईंनी त्यांच्या बिस्किटाशेजारी मला ठेवून पाहिलं. ते माझ्या तिप्पट होतं.